पिकाचा रकाना

"अजून खालची ओळ वाचा," ती म्हणाली, आणि खुर्चीतल्या गृहस्थाने मान पुढे काढून वाचायला घेतली. पहिलं अक्षर आलं, दुसरं आलं, तिसऱ्याशी तो अडखळला, चौथं त्याने ठोकून दिलं आणि मग ओशाळून म्हणाला, "त्याच्या खाली काहीच दिसत नाही हो ताई. आहे का काही तिथे?" तिने तक्त्याकडे पाहिलं. शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीच्याही खाली चार बोटं जागा होती. पांढरी. चौदा वर्षं ती चष्म्याच्या या दुकानात डोळे तपासत होती, या तक्त्यातलं अक्षर न् अक्षर तिला झोपेतही म्हणता आलं असतं, पण ही जागा तिने कधी पाहिलीच नव्हती. आता पाहिली, आणि तिच्या तोंडून शब्द गेला, "पडीक."

"काय म्हणालात?"

"काही नाही. काही लिहिलेलं नाही तिथे, असं म्हणते."

"हां, मग ठीक. मला वाटलं, माझेच डोळे कामातून गेले."

तो हसला, तीही हसली, आणि तिने हातातली काच चौकटीत बसवली. शब्द तिचा नव्हता. तो तिच्या तोंडात कुणी तरी ठेवला होता, प्रवासाला निघालेल्या माणसाने शेजारी किल्ली ठेवून जावं तसा. जिभेवर त्याची चव राहिली होती, कोरड्या ढेकळाची, उन्हाची. पलीकडच्या काउंटरवर मालक कुणाला तरी सोनेरी काडीचा चष्मा गळ्यात मारत होते, रस्त्यावरून पाण्याचा टँकर चढ चढत होता, आणि ती काळोख्या तपासणीच्या खोलीत उभी राहून मनात म्हणत होती, माझ्याही तोंडी आला. अण्णांचा शब्द माझ्याही तोंडी आला.

पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना अण्णांच्या हातून वस्तरा बेसिनमध्ये पडला. तो उचलायला म्हणून ते वाकले ते वर आलेच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि त्यांच्याबरोबर, एका गाडीने निघालेल्या वऱ्हाडासारखे, सगळे शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, ऐकलेलं त्यांना पुष्कळसं कळतं, पण बोलायला जातील तर वाट सापडत नाही. चार दिवस ते नुसते छताकडे बघत होते. पाचव्या दिवशी ती ओल्या फडक्याने त्यांचा चेहरा पुसत असताना ओठ हलले, गळ्यात काही तरी अडकून सुटलं, आणि अगदी स्पष्ट, ऑफिसात म्हणत तसं, ते म्हणाले, "पडीक." ती रडली आणि हसली. मग पाणी हवंय का विचारलं. "पडीक." दुखतंय का? "पडीक." मी कोण आहे, अण्णा? त्यांनी तिच्याकडे पाहिलं, डोळे भरले, ओठांची जुळवाजुळव केली, सगळा जीव एका ठिकाणी गोळा केला आणि म्हणाले, "पडीक."

"असं होतं," डॉक्टर म्हणाले. "सगळं घर पडतं आणि एखादा खांब उभा राहतो. कुणाचं देवाचं नाव राहतं, कुणाची शिवी राहते." पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांची शिवी राहिली होती. पाहुणे आले की त्यांच्या सुना लगबगीने पडदा ओढून घेत. तिला वाटलं, त्यामानाने आपलं नशीब थोर. अण्णांनी पस्तीस वर्षं जमिनी मोजल्या होत्या. कुठला तुकडा केवढा आणि त्यात काय उभं आहे, हे पायी फिरून बघायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. ज्या जमिनीत नांगर गेलेला नाही, बी पडलेलं नाही, तिच्यापुढे लिहायचं ते हे, पडीक. पस्तीस वर्षांत किती वेळा म्हणाले असतील? भात म्हणाले असतील, ज्वारी म्हणाले असतील, विहीर, बांध, चतुःसीमा, सगळं म्हणाले असतील. ते सगळं वाहून गेलं आणि हेच एवढं खडकाला धरून राहिलं.

परदेशी असलेला भाऊ फोन करी. "काय म्हणतात अण्णा?"

"पडीक."

"मला म्हणतात की तब्येतीला?"

"तुलाच म्हणत असतील. मॅट्रिकच्या सुट्टीत तीन महिने कुठे पडीक होतास ते त्यांच्या लक्षात आहे."

"ए, चेष्टा नको. फोन दे त्यांना." मग अण्णांच्या कानाला फोन लावला की भाऊ इकडचं तिकडचं बोले, हवेचं, मुलांचं, आणि अण्णा मधून मधून त्याला हुंकार देत, "पडीक… पडीक." शेवटी भावाचा आवाज बसे. "ताई, ते रोज एकच बोलतात गं," तो म्हणे.  पण तोवर तिला कळायला लागलं होतं की ते रोज एकच बोलत नाहीत.

पहिले काही आठवडे तिलाही एकच शब्द ऐकू येत होता. मग एके सकाळी चहा गाळताना तिच्या लक्षात आलं, की आतून आलेली हाक ऐकून आपण पाण्याचा पेला भरून घेतला आहे. कुणी सांगितलं पाणी म्हणून? ती थांबली आणि कान देऊन राहिली. पाणी हवं असलं की शब्द आखूड होता, शेवटचा क गिळलेला. कुशीवर वळवायचं असलं की मधली ई लांबत जाई, ओढ्याच्या काठाने गेल्यासारखी. शेजारच्या काकू, म्हणजे ती दुकानात असताना अण्णांपाशी बसायला येणाऱ्या, आल्या आल्या सगळ्या इमारतीची बातमी सांगायला लागल्या की अण्णा पापण्या अर्ध्या मिटून म्हणत, "प-डी-क," तीन अक्षरं तीन पायऱ्यांवर ठेवून, आणि काकू चिडत. "बघ, बघ, मला बाष्कळ म्हणाले की नाही?" म्हणालेच होते. आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा तुकडा भिंतीवर चढे तेव्हा ते असं काही म्हणत, श्वासाच्या आतल्या अंगाने, झोपलेल्या बाळावरून पदर काढताना आई बोलेल तसं, की हातातलं काम टाकून ती दारात उभी राही. एवढीशी तीन अक्षरं. त्यात तहान होती, टवाळी होती, कळ होती आणि भिंतीवरचं ऊनही होतं. उभ्या जन्मात तिने किती शब्द खर्च केले होते! आणि हा म्हातारा एकाच शब्दावर घर चालवत होता. जुन्या बायका एकाच नऊवारीचं नेसणं, पांघरूण, झोळी आणि गाळणं करत, तसं.

पण एक गोष्ट त्यात नव्हती. लहानपणापासून अण्णा तिला टिटवी म्हणत. "टिटवे, दार उघड." "टिटवे, शाई कुठाय?" चाळिशी उलटल्यावरसुद्धा दुकानात फोन करून, "टिटवी आहे का?" विचारत, आणि मालक फोन तिच्या हातात देताना गालातल्या गालात हसत. ती हाक तिला त्या शब्दात कुठेच सापडत नव्हती. तिने पुष्कळ शोधली. कामावरून आल्यावर दारातच थांबून ती वाट बघे. आतून येई ते बरं वाटल्याचं असे, उशीर झाल्याची तक्रार असे, कधी नुसतं आहे-मी-इथे असे. हाक नसे. तेवढ्या एका हाकेसाठी ती काहीही करायला तयार होती, म्हणून तर तिने चित्रांच्या बाईंचं ऐकलं.

या बाई बोलणं गेलेल्यांना बोलणं शिकवत. आठवड्यातून दोनदा येत, पिशवीतून चित्रांचे पुठ्ठे काढून अण्णांसमोर धरत. पेला. "हे काय आहे, काका?" "पडीक." छत्री. "पडीक." बाई तरुण होत्या, कामाला चोख होत्या आणि थकत नसत. दुकानात तो शब्द तिच्या तोंडून गेला, त्याच संध्याकाळी त्यांनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, स्पष्ट बोलू? तुम्हीच आडव्या येताय."

"मी?"

"तुम्हाला त्यांचं सगळं कळतं. ते एक शब्द टाकतात, तुम्ही दहा कामं करता. मग ते दुसरा शब्द कशाला शोधतील? तो एक शब्द दारात पाय पसरून बसलाय, आणि मागच्यांना आत येता येत नाहीये."

"पण तोही गेला तर?"

"गेला तर जागा होईल. पहिल्या सहा महिन्यांत जे येतं ते येतं, नंतर फार हळू. तुमचे पाच झालेत." बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "आठ दिवस. त्या शब्दाला उत्तर द्यायचं नाही. खाणंपिणं, औषध, सगळं वेळेवर. दुखत असेल असं वाटलं तर बघायचं. पण त्या शब्दावर उठायचं नाही. दुसरा कुठलाही आवाज काढला, नुसतं 'पा' म्हणाले, तरी धावत जायचं."

आणि त्यांनी एक तक्ता दिला. डावीकडे बारा शब्द एकाखाली एक: पाणी, चहा, भूक, हो, नको, असे. शेवटची ओळ बाईंनी तिला विचारून हाताने लिहिली, मुलीला हाक. पुढे आठ दिवसांचे आठ रकाने. "म्हणाले तर बरोबरची खूण, नाही म्हणाले तर रेघ. रोज संध्याकाळी भरा, म्हणजे आपल्याला कळेल कुठे उभे आहोत." ती हो म्हणाली. त्या शेवटच्या ओळीपायी हो म्हणाली.

पहिल्या दिवशी अण्णांना वाटलं असावं, की ही आज बहिरी झाली आहे. त्यांनी शब्द मोठा केला. मग बारीक केला. मग विनोद म्हणून काकूंना म्हणत तसा तीन पायऱ्यांवर ठेवून पाहिला. ती पाठमोरी उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती, घडी मोडून पुन्हा घालत होती. वेळ झाली तेव्हा पाणी दिलं. काकूंना तर सोसलंच नाही. "अगं, कुत्रं जरी दारात भुंकलं तरी माणूस हाड म्हणतं. हे कसलं बाई औषध!" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी यायचंच बंद केलं आणि तिला दुकानातून रजा घ्यावी लागली. संध्याकाळी तिने पट्टी ठेवून बारा रेघा मारल्या. एकसारख्या, एका मापाच्या. व्यवस्थित काम ती पहिल्यापासून करी.

तिसऱ्या दिवशी साखळीवाला आला. अण्णांनी जमीन मोजायची तेव्हा साखळीचं पुढचं टोक धरून चालायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. आता पाठीला बाक आला होता, पण चाल तीच, पाऊल मोजून टाकल्यासारखी. महिन्यातून एकदा तो दोन गाड्या बदलून येई, आणि पुढला तासभर त्या खोलीत जे चाले ते तिने दाराआडून ऐकलं होतं.

"काय साहेब, बरं आहे?"

"पडीक."

"होणारच. हवा कशी आहे बघताय ना. चहा घ्यायचा?"

"पडीक."

"बिनसाखरेचा? म्हणजे आता मलाही तसलाच प्यावा लागणार. तुमच्या संगतीला राहून माझं कधी बरं झालंय का?" मग अण्णा हसत. मग साखळीवाला खालच्या आवाजात ते साखळी ओढतानाचं म्हणे, मोजताना पावलं चुकू नयेत म्हणून म्हणायचं:

ओढ गं साखळी, सरळ जा गं बाई,
भुईच्या पाठीला वळ उठायचा न्हाई.

या वेळी तिने त्याला दारातच थांबवून बाईंचा नियम सांगितला. त्याने टोपी काढली, हातात फिरवली. "म्हणजे साहेब बोलतील आणि मी बोलायचं नाही?"

"आठच दिवस, काका."

"चाळीस वर्षांत एकदा नाही केलं असं." तो आत बघत राहिला. खाटेवरून अण्णांनी त्याला पाहिलं होतं आणि त्यांचा चेहरा उजळला होता, अर्धा. "पडीक!" ते म्हणाले. साखळीवाल्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "मी आठ दिवसांनी येतो, पोरी," तो म्हणाला. "माझ्याच्याने व्हायचं नाही ते." आणि पायऱ्या उतरताना, तिच्याकडे न बघता, "तुला तर ठाऊक आहे. तू लहानपणी घोळ घातला होतास, तेव्हा तुला घेऊन गेले होते की ते. मी होतो बरोबर."

तिला ठाऊक होतं. पण किती खाली गेलं होतं ते. नऊ वर्षांची असेल. तिचं अक्षर अण्णांपेक्षा चांगलं, म्हणून रोज संध्याकाळी जेवायच्या टेबलावर वही पक्की करायचं काम तिच्याकडे. अण्णा कच्च्या कागदांवरून वाचत आणि ती उतरून घेई. तुकड्याचा नंबर. क्षेत्र. मालक. पीक. आईचं पोळ्या लाटणं आणि अण्णांचं वाचणं एका तालात चाले. पडीक आलं की शेऱ्यात पडीक लिहायचं आणि पिकाचा रकाना सोडायचा. एकदा अण्णा तीन दिवस दौऱ्यावर गेले. तिने वही उघडली आणि तिला ते रिकामे रकाने डोळ्यांना खुपले. दात पडलेल्या तोंडासारखे. तिने पट्टी घेतली, दौत उघडली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकूण एक रिकाम्या रकान्यात सुबक आडवी रेघ मारली. दोनशेच्या वर होत्या. अण्णा आल्यावर तिने वही पुढे केली, कौतुकाची वाट बघत. अण्णांनी पानं उलटली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बरोबर घेतलं.

गाडी सोडल्यावर बरंच चालले. पुढे साखळीवाला, मागे अण्णा, मध्ये ती. दोन्ही बाजूंना हिरवं होतं आणि मग हिरवं संपलं आणि ते तिथे थांबले. उतरती जमीन. दगड, माती, वाळलेल्या गवताचे झुबके. वर भलंमोठं आकाश. "बघ," अण्णा म्हणाले. ती बघायला लागली. "काय आहे?" अण्णांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "बघ," ते पुन्हा म्हणाले आणि एका दगडावर बसून त्यांनी पानाची डबी काढावी तशी आपली पेन्सिल काढून टोक करायला घेतलं. तिला ऊन लागत होतं. तिला रडू येत होतं. तेवढ्यात एक पाखरू आरडाओरडा करत डोक्यावरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं, लांब पायांचं, चिडलेलं. "तुझ्या पायाशी," अण्णा हळूच म्हणाले. "हलू नकोस. पायाशी बघ." ती बघत होती. खडे होते. नुसते खडे. आणि मग त्या खड्यांतले चार खडे खडे नव्हते. चार अंडी होती, मातीच्या रंगाची, मातीच्याच ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून एकमेकांना टेकलेली. घरटं नाही, काडी नाही, आडोसा नाही. तिच्या चपलेपासून वीतभर.

मग सगळंच दिसायला लागलं. चष्म्याच्या चौकटीत एकाएकी बरोबरची काच पडावी तसं. गवताच्या झुबक्यांमधून जमिनीलगत कोळ्यांची जाळी पसरली होती आणि त्यांत पहाटेचं थेंबभर पाणी अजून होतं. मुंग्यांची वाट होती, तिला चढउतार होते, वळणं होती. एका ठिकाणी गवत दबून सशाच्या अंगाचा साचा राहिला होता, तिने हात लावला तर तो कोमट होता, की तिला वाटला. भेगांच्या आत अंधारात पांढरी मुळं होती, कशाची कुणास ठाऊक, वर काहीच नव्हतं त्यांचं. काही नाही म्हणून ज्यावर ती उभी होती ते काठोकाठ भरलेलं होतं आणि कुणी ते भरलं नव्हतं. पाखरू ओरडतच होतं. "टिटवी आहे ती," साखळीवाला म्हणाला. "घर सोडून जा म्हणते." अण्णा उठले, पँट झटकली. ते फार बोलणारे नव्हतेच. "पुढच्या पावसावर कुणी इथे पेरलं, तर मी कुठे लिहायचं?" ते म्हणाले. "रेघ मारलीस की जागा संपली. आपल्याला दिसत नाही म्हणून आपण तिथे काही लिहायचं नसतं. नाही म्हणूनसुद्धा लिहायचं नसतं." मग परतताना, तिची तंद्री मोडावी म्हणून, "चला टिटवे, गाडी चुकेल."

त्यानंतर दहा संध्याकाळी अण्णांनी दाढीच्या पात्याने एक एक रेघ खरडून काढली. तिला शेजारी बसवून. शाईची भुकटी फुंकरीने उडवत. त्या त्या जागी कागद इतका झिजला की पान दिव्यासमोर धरलं तर प्रत्येक पडीक जमिनीची एक उजळ खिडकी दिसे.

हे सगळं तिला साखळीवाला गेल्यावर, जिन्यात उभ्याउभ्या, वासासकट आठवलं. आणि तरी ती वर गेली, आणि अण्णांनी बोलावलं तेव्हा तिने उत्तर दिलं नाही. माणूस असं का करतं? ऐकलेलं आणि केलेलं यांत कुठल्या भेगा असतात? तिला हाक हवी होती. ती म्हणत होती, अजून पाच दिवस, मग येईल, दारातलं माणूस उठलं की मागचं आत येईल. चौथ्या दिवशी अण्णा तिच्याकडे नुसते बघत होते आणि तो शब्द विचारत होते, दर वेळी थोडा निराळा, खिशातली एकेक किल्ली काढून कुलपाला लावून बघणाऱ्या माणसासारखे. पाचव्या दिवशी दोनदाच म्हणाले. सहाव्या दिवशी सकाळपासून खोलीत आवाज नव्हता. तिने चित्रं धरली. पेला, छत्री, दार. अण्णा चित्राकडे बघत, मग तिच्याकडे, मग भिंतीकडे. चारला ऊन आलं, भिंतीवर चढलं, घड्याळापाशी गेलं. ती दारात उभी होती, कान देऊन, हातातलं फडकं पिळत. ऊन उतरलं. अण्णा काही म्हणाले नाहीत.

तिने बाईंना फोन केला. "चांगली खूण असू शकते," बाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज जरा पोकळ होता. "दोन दिवस राहिलेत. धीर धरा." सातवा दिवस असाच गेला. शांतता घरात पाणी शिरावं तशी शिरली, खाटेखाली गेली, भांड्यांत गेली. तिला कळलं की पाच महिने आपण एका मोठ्या गजबजाटात राहत होतो. बाजार भरला होता या खोलीत. आणि आपण तो उठवला. आता ती मनातल्या मनात हाक शोधत नव्हती. ती फक्त तो शब्द मागत होती, कुठल्याही सुरातला, टवाळीचा, तक्रारीचा, कळ आल्याचा. देवा, कळ आल्याचासुद्धा.

आठव्या दिवशी संध्याकाळी ती तक्ता घेऊन खाटेशी बसली. अण्णांच्या मांडीवरच्या पाटावर तिने कागद ठेवला, टेबलापर्यंत जायचंही त्राण नव्हतं. सात रकाने भरलेले. सात गुणिले बारा. शेवटच्या रकान्याला तिने पट्टी लावली. पाणी. तिने रेघ मारली. चहा. रेघ. तिच्या डोळ्यांतून पाणी पट्टीवर पडत होतं आणि ती ते बाहीने पुसत खाली खाली येत होती. हो. नको. अकरा झाल्या. बाराव्या ओळीपाशी, मुलीला हाक, तिने पेन टेकलं.

पट्टी हलली. तिला वाटलं, पाट कलला. मग तिने पाहिलं, अण्णांचा डावा हात पट्टीवर आला होता. त्या हाताने पट्टी बाजूला सारली, सावकाश, टोकाकडून, जशी दुसऱ्याच्या शेतात गेलेली साखळी उचलून घ्यावी. मग तो तिच्या पेनवर आला आणि पेन तिच्या मुठीसकट कागदावरून उचललं. तिने वर पाहिलं. अण्णांच्या कपाळावर आठी होती. अर्ध्या चेहऱ्यावरची, पण पुरी, ऑफिसातली, त्या वहीची पानं उलटताना पडलेली.

"पडीक," ते म्हणाले.

खरबरीत आवाज. तीन दिवस न वापरलेला. आणि त्या मागून सगळं आलं. ऊन, चाललेली वाट, चपलेपासून वीतभर ठेवलेली चार अंडी. तिने कागदाकडे पाहिलं, आपल्या पंचाण्णव सुबक रेघांकडे, आणि तिला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की दोन्ही एकदम मावेनात. "हो अण्णा," ती म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा. "हो हो. चुकलं."

बेसिनपाशी पात्यांची पुडी अजून होती. ती घेऊन आली, खिडकीशी स्टूल ओढलं, अण्णांची खाट जराशी वर केली, म्हणजे त्यांना दिसेल. आणि पाणीच्या पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. पातं आडवं धरायचं, बोट लावायचं नाही, शाई तेवढी उचलायची. हात विसरला नव्हता. भुकटी जमली की ती फुंकर मारी आणि अण्णा मान हलवत. मध्येच एकदा तिची धार खोल गेली, तर खाटेवरून ताबडतोब आलं, आखूड, दटावणीचं, "पडीक!" आणि ती म्हणाली, "अहो, बघतेय ना मी." उद्या बाई येतील. चित्रं आणतील, आणू देत, रोज बसू चित्रांपाशी, पेला म्हणू, छत्री म्हणू. पण कुठे उभे आहोत असं त्यांनी विचारलं तर हा कागद द्यायचा. एवढंच तिने ठरवलं. त्यापुढचं तिला दिसत नव्हतं, आणि तिथे तिने काही लिहिलं नाही.

शेवटची रेघ निघाली तेव्हा पश्चिमेला ऊन अगदी खाली आलं होतं. तिने कागद खिडकीत उभा धरला. जिथे जिथे रेघ होती तिथे कागद झिजून पातळ झाला होता, आणि त्या पातळ जागांतून ऊन आत आलं. भिंतीवर लहान लहान फटी उजळल्या, एकाखाली एक. फक्त शेवटच्या ओळीतला आठवा रकाना जसा होता तसाच होता, जाड, कोरा, त्यात पेन टेकल्याचा एक ठिपका.

अण्णा बघत होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. मग ते तोच शब्द म्हणाले, हलकेच, ओरडणारं पाखरू उडून जाऊ नये इतका हलकेच, आणि त्या सुरात तिने तो यापूर्वी कधीच ऐकला नव्हता.

"बघतेय," टिटवी म्हणाली.